निसटलेल्यांनी काढलेला नकाशा

प्रयोग सांगायला अगदी सोपा आहे. फ्लूचे विषाणू घ्यायचे, त्यांच्यात एकाच जातीचे प्रतिपिंड भरपूर मिसळायचे आणि ते मिश्रण कोंबडीच्या अंड्यात, वाढणाऱ्या गर्भाभोवतीच्या पाण्यात टोचायचे. प्रतिपिंड विषाणूला चिकटून बसतात, विषाणूला पेशीत शिरता येत नाही, तिथेच सगळे संपायला हवे. पण ते संपत नाही. दर लाखामागे साधारण एक विषाणू वाचतो आणि दोन-तीन दिवसांत अंडे त्या एकट्याच्या पिलावळीने भरून जाते.

फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतले वॉल्टर गेरहार्ड आणि मेम्फिसच्या सेंट ज्यूड बाल रुग्णालयातले रॉबर्ट वेब्स्टर यांनी १९७८ साली हे प्रसिद्ध केले. मग या वाचलेल्यांची उलटतपासणी सुरू झाली. तुझ्यात असे काय बदलले, की तू सुटलास? उत्तर दर वेळी थक्क करणारे होते. विषाणूच्या अंगावरचे एक प्रथिन, त्यात माळेसारखे ओवलेले साडेपाचशे मणी, म्हणजे अमिनो आम्ले, आणि त्यातला बहुधा एकच मणी बदललेला. एवढ्याने प्रतिपिंडाची पकड सुटली होती. मग पकड तिथेच असणार, हा तर्क सरळ होता. एकामागून एक निसटलेले विषाणू गोळा करत गेले, प्रत्येकाचा बदललेला मणी शोधला आणि तो प्रथिनाच्या आकृतीवर टिंबासारखा मांडला, की आपले शरीर फ्लूला कुठे पकडते याचा नकाशा तयार होतो. या नकाशाचे श्रेय शास्त्रज्ञांचे आहेच. पण त्यावरचे प्रत्येक टिंब पळून गेलेल्या एका विषाणूने मांडलेले आहे, आणि या नकाशाचे बळ व त्याची उणीव दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

या खटाटोपाची गरज का पडली, ते महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. गोवर एकदा येऊन गेला की माणूस जन्मभर सुटतो. फ्लू मात्र पुन्हा पुन्हा येतो. १९१८ च्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या वर्षी १० जूनला मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पावसाळ्यात साथ जरा ओसरली, आणि दुसरी लाट आली तेव्हा ६ ऑक्टोबरच्या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्या वेळी हा रोग विषाणूचा आहे हेही कुणाला ठाऊक नव्हते. जगभरचे डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते.

माणसाचा फ्लू विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातले धुवण फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातले, तर फेरेटला माणसासारखाच फ्लू झाला. त्याच वर्षी खुद्द विल्सन स्मिथ आजारी पडले. त्यांच्या घशातून वेगळ्या केलेल्या विषाणूला त्यांच्याच नावाची आद्याक्षरे मिळाली: डब्ल्यू. एस. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आठ वर्षांनी, १९४१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत जॉर्ज हर्स्ट विषाणू वाढवलेल्या अंड्यातले पाणी काढत होते. एक रक्तवाहिनी फुटली, रक्त त्या पाण्यात मिसळले आणि तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. दुसरा कुणी ते पाणी खराब झाले म्हणून ओतून देता. हर्स्टनी ओळखले, की विषाणू तांबड्या पेशींना धरून त्यांना एकमेकींशी बांधतो आहे. यातून एक चाचणी निघाली आणि ती आजही जगभर चालते. छोट्या खळग्यांत विषाणू आणि तांबड्या पेशी मिसळल्या तर पेशींची जाळी होऊन खळगाभर पसरते. पण रुग्णाच्या सीरममध्ये त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंड असतील तर ते आधी विषाणूला पकडतात, जाळी होत नाही आणि पेशी खाली घरंगळून तळाशी लाल टिकलीसारख्या बसतात. टिकली दिसली म्हणजे प्रतिपिंड आहेत. चाचणी स्वस्त, झटपट आणि विश्वासाची. पुढची पन्नास वर्षे फ्लूचे सगळे विज्ञान या टिकलीकडे बघत चालले. ती काय दाखवते याचा गौरव सर्वांनी केला. ती काय दाखवत नाही, हे कळायला फार उशीर झाला.

तांबड्या पेशींना धरणाऱ्या प्रथिनाला हिमॅग्लुटिनिन म्हणतात. त्याच्या शेजारी न्यूरामिनिडेज नावाचे दुसरे प्रथिन असते. पहिले प्रथिन पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या साखरेला धरून विषाणूला आत शिरवते. दुसरे तीच साखर कात्रीसारखी कापून नव्या विषाणूंना बाहेर पडायला वाट करून देते. 'एच१ एन१' या नावातले एच आणि एन ते हेच. दोन्हींवर प्रतिपिंड बसतात, पण पेशीत शिरणे अडवायचे काम मुख्यतः पहिल्यावर बसणारे करतात.

ही दोन प्रथिने अलगद सुटी करण्याचे काम ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे ग्रॅम लेव्हर यांनी केले. विषाणू डिटर्जंटने फोडायचा आणि सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्टीवर विजेच्या प्रवाहात त्याचे भाग वेगळे होऊ द्यायचे, ही त्यांची रीत. न्यूझीलंडहून आलेले वेब्स्टर तिथे त्यांना भेटले आणि दोघांची जन्माची जोडी जमली. लेव्हर हिमॅग्लुटिनिनचे रासायनिक तुकडे करत आणि ते कागदावर पसरून ठिपक्यांची नक्षी मिळवत. वेगवेगळ्या वर्षांच्या विषाणूंच्या नक्ष्या शेजारी ठेवल्या की दिसे, की दरवर्षीच्या किरकोळ बदलात दोन-चार ठिपके हलतात, आणि १९६८ च्या हाँगकाँग फ्लूसारखी जागतिक साथ येते तेव्हा हिमॅग्लुटिनिनची सगळी नक्षीच नवी असते. शोध मोठा होता. पण हललेला ठिपका प्रथिनाच्या अंगावर नेमका कुठे बसतो, ते कागद सांगू शकत नव्हता. अनोळखी गावातल्या माणसांची यादी हाती असावी आणि घरे माहीत नसावीत, अशी ती स्थिती.

ती कोंडी सुटली दोन बाजूंनी. पहिली बाजू इंग्लंडमधल्या केंब्रिजची. १९७५ साली गेऑर्ग क्योलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर केला. अशी संकरित पेशी अमर्याद वाढते आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड ओतत राहते. त्याआधी सीरम म्हणजे शेकडो जातींच्या प्रतिपिंडांची खिचडी असे, कोण कुठे चिकटले ते समजणे अशक्य. आता एक एक जात वेगळी मिळू लागली. गेरहार्डनी उंदरांपासून असे प्रतिपिंड तयार करून १९३४ च्या प्वेर्तो रिको विषाणूवर, म्हणजे प्रयोगशाळांच्या लाडक्या 'पीआर-८' वर सोडले. सुरुवातीला सांगितलेला प्रयोग तो हाच.

त्यातले गणित मुद्दाम थांबून पाहावे असे आहे. एका प्रतिपिंडातून लाखात एक निसटतो. मग दोन वेगळ्या जागी बसणारे प्रतिपिंड एकदम घातले, तर दोन्हींतून सुटणारा हजार कोटींत एक. म्हणजे जवळजवळ कुणीच नाही. माणसाच्या रक्तात तर अनेक प्रकारचे प्रतिपिंड असतात, मग दरवर्षी नवा फ्लू येतो कसा? पुढच्या संशोधनाने दाखवलेले कारण असे, की पुष्कळ माणसांचे प्रतिपिंड सगळ्या जागांवर सारखे वाटलेले नसतात. कुणाचा भर एका जागेवर, कुणाचा दुसऱ्या. विषाणू एका माणसात एक मणी बदलतो, दुसऱ्यात दुसरा. एका उडीत न पार होणारी भिंत तो माणसामाणसांतून पायरी पायरीने चढतो. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्लू समाजातून फिरतो म्हणूनच जगतो, हे प्रयोगशाळेतल्या अंड्याने सांगितले.

निसटलेल्यांची वर्गवारीही सोपी आणि सुरेख होती. पहिल्या प्रतिपिंडातून सुटलेला विषाणू दुसऱ्यातूनही सुटत असेल, तर दोघांची बसायची जागा एक. तिसरा त्याला अजूनही पकडत असेल, तर तिसऱ्याची जागा वेगळी. अशा टिपणांतून गेरहार्ड, जोनाथन यूडेल आणि वेब्स्टर यांच्या गटाने पीआर-८ च्या हिमॅग्लुटिनिनवर चार स्वतंत्र जागा ठरवल्या. १९८१ साली त्या छापून आल्या, तेव्हा त्या फक्त कोष्टकात होत्या. प्रथिनाचा आकार न पाहता केवळ कोण सुटला आणि कोण सापडला एवढ्यावरून काढलेला तो नकाशा होता.

आकार दाखवणारी दुसरी बाजू लंडनच्या मिल हिल भागातली, आणि तिची सुरुवात अननसाने होते. हिमॅग्लुटिनिनचा बुडखा विषाणूच्या स्निग्ध आवरणात रुतलेला असतो, त्यामुळे त्याचे स्फटिक होत नाहीत. अननसातल्या ब्रोमेलेन या पाचक रसाने ते बुडख्यापाशी कापले की वरचा सगळा भाग पाण्यात विरघळणारा आणि स्वच्छ मिळतो. जॉन स्केहेल यांनी १९७२ साली कॉलिन ब्रँड यांच्याबरोबर असे स्फटिक मिळवले. त्यांवर क्ष-किरण सोडून अणूंची मांडणी काढायचे काम अमेरिकेत हार्वर्डला डॉन वायली यांनी अंगावर घेतले. विषाणूच्या अंगावरचे एवढे मोठे प्रथिन तोवर कुणी उलगडले नव्हते. कामाला जवळपास दशक गेले. शेवटच्या टप्प्यावर ऑक्सफर्डहून आलेला एक तरुण स्कॉटिश शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला, इयन विल्सन.

२९ जानेवारी १९८१ च्या 'नेचर'मध्ये या तिघांचे दोन निबंध पाठोपाठ आले. पहिल्यात आकार होता. तीन सारखे भाग एकमेकांत गुंतून झालेला १३५ अँगस्ट्रॉम उंचीचा खांब, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात असे पाऊण लाख खांब एकावर एक उभे राहतील. खाली पिळाच्या दोरांचा देठ, वर तीन गोल डोकी. प्रत्येक डोक्याच्या माथ्यावर एक छोटी खोबण, पेशीची साखर धरण्यासाठी.

दुसऱ्या निबंधात नकाशा होता. हाँगकाँग फ्लू १९६८ साली आल्यापासून त्याचे कोणते मणी बदलत गेले, याच्या याद्या तोवर तयार होत्या. कॅनबेराला लेव्हर आणि जिलियन एअर, मेलबर्नला कॉलिन वॉर्ड, बेल्जियममध्ये घेंटचा गट, अशा अनेकांनी त्या खपून जमवल्या होत्या. वेब्स्टर आणि लेव्हर यांनी प्रतिपिंडांतून निवडून काढलेल्या विषाणूंच्या याद्याही होत्या. वायलींनी हे सगळे मणी आकृतीवर ठेवून पाहिले. माळेत एकमेकांपासून शंभर-दीडशे मणी दूर असलेले बदल आकृतीत शेजारी शेजारी येऊन बसले. माळ घड्या घालून गुंडाळलेली असते, त्यामुळे दूरचे मणी शेजारी होतात, हे आता कुणालाही सांगता येईल. पण त्या दिवसापर्यंत ते कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. बदल अंगभर विखुरलेले नव्हते. ते चार ठिकाणी गोळा झाले होते आणि चारही ठिकाणे डोक्यावर होती. एक डोक्यावरून पुढे आलेला वेटोळा, क्रमांक १४० ते १४६. दुसरे खोबणीच्या अगदी काठावर. तिसरे माथ्यापासून बरेच खाली, एका फुगवट्यावर. चौथे तीन डोकी एकमेकांना टेकतात त्या सांध्यात. ए, बी, सी, डी अशी साधी नावे त्यांना दिली गेली आणि तीच आजवर टिकली आहेत. मोठी साथ आणणाऱ्या नव्या वाणात या चारही जागी बदल झालेला दिसतो, असेही त्यांनी नोंदवले.

आणि खोबण? तिच्या काठावरचे मणी सारखे बदलत होते, आतले मात्र जसेच्या तसे होते. ते बदलले तर विषाणूला पेशी धरता येणार नाही. प्रतिपिंड खोबणीपेक्षा आकाराने मोठे असते, खोबणीवर बसायचे तर त्याला काठावर टेकावे लागते, आणि काठ बदलला की त्याचा पाय घसरतो. दार तेच ठेवून चौकट बदलत राहायची, ही फ्लूची खरी युक्ती.

पुढच्याच वर्षी अँड्र्यू केटन, ऑक्सफर्डचे जॉर्ज ब्राउनली, यूडेल आणि गेरहार्ड यांनी कोष्टकातल्या पीआर-८ च्या जागा वायलींच्या आकृतीवर बसवल्या. चारच्या पाच झाल्या. एसए, एसबी, सीए१, सीए२, सीबी अशी त्यांची नावे. एकमेकांपासून दूर दोन प्रयोगशाळांनी, अगदी वेगळ्या रीतींनी काढलेले नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर जुळले. शास्त्रात असे क्षण थोडे. १९८४ साली तर एका निसटलेल्या विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनचेच स्फटिक करून त्याचा आकार काढला गेला. १४६ क्रमांकाचा मणी बदलला होता, आणि त्या ठिकाणचा किंचित फरक सोडला तर बाकीचे सगळे प्रथिन हुबेहूब पहिल्यासारखे होते. लांबवर काही वाकले म्हणून पकड सुटली असेल, ही शंका तिथे मिटली. त्याच वर्षी स्केहेल यांच्या गटाने निसटण्याची आणखी एक तऱ्हा दाखवली. ६३ क्रमांकाचा मणी असा बदलला, की त्यावर साखरेची एक लांब साखळी येऊन बसली आणि खालची जागा झाकली गेली. ती साखर विषाणूची नसते, आपल्याच पेशीने चढवलेली असते. त्यामुळे शरीर तिच्यावर सहसा हल्ला करत नाही. विषाणू आपलीच चादर ओढून आपल्यापासून लपतो.

दुसऱ्या प्रथिनाची कथा समुद्रावरची आहे. १९६७ च्या सुमारास लेव्हर आणि वेब्स्टर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत जागोजागी मेलेले समुद्रपक्षी दिसले. हे फ्लूने मेले असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. जागतिक साथींचे विषाणू पक्ष्यांतून येतात ही शंका त्यांच्या मनात होतीच. मग दोघांनी ग्रेट बॅरियर रीफवरच्या निर्जन बेटांवर मोहिमा काढल्या, पक्ष्यांचे रक्त आणि घशातले नमुने गोळा केले, आणि पक्ष्यांच्या रक्तात माणसाच्या १९५७ च्या फ्लूतल्या न्यूरामिनिडेजविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. १९७५ साली तिथल्या एका टर्न पक्ष्यात मिळालेल्या विषाणूच्या न्यूरामिनिडेजचे, एन९ चे, स्फटिक असे मोठे आणि स्वच्छ वाढले, की पुढे नकाशासाठी त्यांचाच आधार झाला.

मेलबर्नला पीटर कोलमन आणि जोस व्हर्गीस यांनी लेव्हर यांच्या स्फटिकांवरून १९८३ साली न्यूरामिनिडेजचा आकार काढला: चार भागांची चौकडी, प्रत्येक भागात सहा पात्यांचा पंखा, आणि पंख्याच्या मध्यभागी साखर कापणारी खोल खळगी. इथेही तेच चित्र. खळगीभोवतीचे कडे बदलणारे, आतले मणी अढळ. १९८७ साली याच गटाने एन९ आणि त्याला पकडलेले प्रतिपिंड यांचा जोडीने स्फटिक करून दाखवला. विषाणूच्या प्रथिनावर बसलेले प्रतिपिंड अणूंच्या पातळीवर माणसाने पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा. संपर्क वेटोळ्या वेटोळ्यांनी ऐसपैस पसरलेला होता. पण नंतर त्यातला एक एक मणी बदलून पाहिला, तर पकड टिकण्या-सुटण्याचा निकाल मोजक्या मण्यांवरच लागत होता. टेकलेला प्रत्येक मणी भार उचलतोच असे नाही. निसटलेल्यांचा नकाशा आणि स्पर्शाचा नकाशा एक नव्हेत, हे इथे पहिल्यांदा ठसठशीत कळले.

ती अढळ खळगी औषधवाल्यांनी उचलली. तिच्या मापाने मार्क फॉन इट्झस्टाइन आणि सहकाऱ्यांनी झानामिविर घडवले, आणि तीच खळगी समोर ठेवून ओसेल्टामिविरही तयार झाले. दोन्ही १९९९ साली बाजारात आली. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा ज्यांना आठवतात, त्यांना टॅमिफ्लू हे नावही आठवत असेल. ती गोळी म्हणजे ओसेल्टामिविर. तिच्या मुळाशी त्या खळगीचा नकाशा आहे.

आता त्या उणिवेकडे येतो. हिमॅग्लुटिनिनच्या नकाशावर सगळी टिंबे डोक्यावर, देठ कोरा. वर्षानुवर्षे याचा अर्थ असा घेतला गेला, की देठावर प्रतिपिंड बसत नाहीत. तो अर्थ चुकीचा होता. टिकलीची चाचणी फक्त एवढेच सांगते, की तांबड्या पेशी धरायची क्रिया अडली का. धरायचे काम डोके करते. देठावर एखादे प्रतिपिंड बसले तरी डोके मोकळेच राहते, जाळी होते, टिकली पडत नाही, आणि ते प्रतिपिंड निरुपयोगी म्हणून बाजूला पडते. शिवाय देठावरून निसटणे विषाणूला जड जाते. निसटलेले कमी, म्हणून टिंबेही कमी. पळून जाणाऱ्यांवरून काढलेल्या नकाशात, जिथून पळता येत नाही ती जागा कशी दिसणार?

१९९३ साली जपानमध्ये ओसाका इथे योशिनोबू ओकुनो यांच्या गटाने सी१७९ नावाचे उंदराचे एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले. टिकलीच्या चाचणीत ते अनुत्तीर्ण होते, तरीही ते एच१ आणि एच२ या दोन्ही प्रकारांचे विषाणू निष्प्रभ करत होते. त्यातून निसटलेल्या विषाणूंचे बदल देठाच्या मधोमध सापडले. विषाणू पेशीत गेल्यावर देठ उलगडतो आणि विषाणूचे आवरण पेशीच्या पापुद्र्याशी जोडतो. सी१७९ त्या उलगडण्यालाच आवळून धरत होते. इतका मोठा शोध, आणि पुढची पंधरा वर्षे त्याकडे फारसे कुणी वळले नाही. ओकुनोंच्या पदरी तेव्हाच जे श्रेय पडायला हवे होते ते पडले नाही, असे मला वाटते.

२००८ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या क्रुसेल कंपनीने साधी फ्लूची लस घेतलेल्या माणसांच्या पेशींतून सीआर६२६१ हे प्रतिपिंड वेगळे केले. ते एच१ आणि एच५, म्हणजे बर्ड फ्लू, दोन्हींना अडवत होते. ते कुठे बसते याचा आकार २००९ च्या सुरुवातीला निघाला. बसत होते देठावर. काढणारा गट होता कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेचा, आणि गटाचे प्रमुख इयन विल्सन, अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो पहिला खांब उभा करणाऱ्या तिघांपैकी एक. ज्या देठावर आपण कोरी जागा सोडली होती, ती भरायला तोच हात आला. पुढे एन प्रथिनाच्या खळगीत बोट घालणारे प्रतिपिंडही माणसांत सापडले, २०१९ साली.

डोक्याचा नकाशाही याच काळात बारीक झाला. हाँगकाँग फ्लूच्या, म्हणजे एच३ च्या, डोक्यावर शंभराहून अधिक मणी प्रतिपिंडांच्या जागांत मोजले जात होते. २०१३ साली रॉटरडॅम आणि केंब्रिजच्या गटांनी दाखवले, की १९६८ ते २००३ या काळातले मोठे बदल फक्त सात मण्यांमुळे घडले, आणि सातही खोबणीच्या काठावर.

आणि मानमोडीचे काय झाले? २००८ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या जेम्स क्रो यांच्या गटाने १९१५ पूर्वी किंवा त्या साली जन्मलेल्या ३२ जणांचे रक्त तपासले. मानमोडीच्या वेळी ही मुले होती, आता वये नव्वद ते शंभरच्या आसपास. ३२ पैकी ३२ जणांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणारे प्रतिपिंड होते. काहींच्या शरीरात ते बनवणाऱ्या पेशीही, नव्वद वर्षांनंतर, फिरत होत्या. अशा एका पेशीपासून मिळालेल्या प्रतिपिंडाला २डी१ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी नवा एच१ एन१ आला. देशातला पहिला बळी पुण्यात गेला, ३ ऑगस्ट २००९ रोजी, एका चौदा वर्षांच्या मुलीचा. या साथीत एक विचित्र गोष्ट जगभर दिसत होती. फ्लू एरवी म्हाताऱ्यांना गाठतो, या वेळी तरुण जास्त आजारी पडत होते आणि वृद्ध त्या मानाने सुटत होते.

उत्तर नकाशात मिळाले. २०१० साली विल्सन आणि क्रो यांच्या गटांनी २डी१ ला १९१८ च्या हिमॅग्लुटिनिनवर बसलेले पाहिले. जागा होती एसए, गेरहार्डच्या कोष्टकातली. आणि १९१८ चा विषाणू व २००९ चा विषाणू यांची एसए जागा जवळजवळ सारखी होती. मधल्या दशकांत माणसांत फिरलेल्या एच१ विषाणूंनी तिथे मणी बदलले होते आणि साखरेच्या चादरी ओढल्या होत्या. २००९ चा विषाणू डुकरांमधून आला. तिथे त्याच्यावर माणसाच्या प्रतिपिंडांचा दाब नव्हता, म्हणून त्याचा माथा उघडाच राहिला होता. ज्या आजी-आजोबांनी लहानपणी उघड्या माथ्याचा विषाणू पाहिला होता, त्यांच्या शरीराने तो ओळखला.

अलीकडे सिअॅटलला जेसी ब्लूम यांच्या प्रयोगशाळेत प्रथिनाचा प्रत्येक मणी, शक्य त्या प्रत्येक प्रकारे बदलून, सगळ्यांची परीक्षा एकदम घेतात. २०१८ साली त्यांनी दाखवले, की डोक्यावरच्या प्रतिपिंडातून एका बदलाने साफ निसटता येते, देठावरच्या प्रतिपिंडातून एका बदलाने विषाणूच्या पदरात फारच थोडे पडते. प्रयोगासाठी वापरलेला विषाणू होता १९३३ चा, विल्सन स्मिथ यांच्या घशातून निघालेल्या डब्ल्यू. एस. चा वंशज.

देठावरच्या लसींच्या चाचण्या माणसांत झाल्या आहेत, पण जन्मात एकदा घ्यायची फ्लूची लस अजून आपल्या हाती नाही. तोवर जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये बसून कोणते वाण घ्यायचे ते ठरवते, आणि डोक्यावरचे मणी बदलले असतील तर लस बदलते. म्हणून गेल्या वर्षी घेतली आहे, आता कशाला, असे म्हणू नका. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. घरात वयस्कर माणूस, गरोदर बाई, दम्याचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारून जून लागायच्या आत त्यांना या वर्षीची लस द्या.